मासे येण्याआधीचे पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. लोकांना वाटते की माझ्या आत जे काही चालते ते चारही बाजूंनी दिसते. तसे नाही. माझ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कुणालाच दिसत नाही, आणि त्यापायी माझ्या पोटात बरेच जीव गेले. ती हकीकत मी आज सांगणार आहे. ती फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका अरुंद गाळ्यात झाला. मला घडवणाऱ्या काचवाल्याच्या बोटांवर बारीक चिरांचे जाळे होते. काच कापताना तो श्वास रोखून धरी आणि कापून झाली की 'हुश्श' करी. त्याने पाच काचा सिलिकॉनने एकमेकींना चिकटवल्या आणि आठवडाभर सुकू दिल्या. मग माझ्यात काठोकाठ पाणी भरून मला वर्तमानपत्रांवर ठेवले. तीन दिवसांनी कागद कोरडे निघाले. त्याने माझ्या काचेवर टिचकी मारली आणि म्हणाला, "पास झालीस!" पाणी धरून ठेवता आले म्हणजे टाकी तयार झाली, असे त्याला वाटत होते. मलाही तसेच वाटले.

माझी पहिली नोकरी लागली ती दातांच्या दवाखान्यात. उद्‌घाटनाच्या दिवशी सकाळी मला बाकांसमोर मांडले, पाण्यात समुद्री मीठ ढवळले, दिवे लावले. संध्याकाळी माझ्यात अकरा मासे होते. निळे, पिवळे, एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. दातांच्या डॉक्टरांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतले. आलेली मंडळी डॉक्टरांना विसरून माझ्याकडेच बघत होती. त्या संध्याकाळी माझा गर्व काचेत मावत नव्हता.

मित्रांनो, मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया नावाचे विष तयार होते. समुद्रात ते विष खाऊन टाकणारे बारीक जंतू असतात. दगडांवर, वाळूत, सगळीकडे. जुन्या टाकीतही ते असतात. नव्या टाकीत नसतात. ते हळूहळू वाढावे लागतात आणि त्याला कित्येक आठवडे जातात. माझ्यात त्या दिवशी सगळे काही होते, फक्त ते जंतू नव्हते.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. बाकांवरचे पेशंट म्हणाले, "बघा, कसे मजेत खेळतायत!" ते खेळत नव्हते. त्यांचे कल्ले भाजत होते. नवव्या दिवशी अकरावा मासा गेला. डॉक्टरांनी आणखी सात आणवले. तेही गेले. प्रत्येक वेळी मेलेले मासे जाळीने काढून कागदात गुंडाळायचे काम डॉक्टरांच्या सहायिकेकडे होते. ती एक शब्द बोलत नसे, पण काढताना प्रत्येक माशाकडे नीट बघे.

"टाकीतच काहीतरी खोट आहे," डॉक्टर म्हणाले आणि विषय मिटला. माझी रवानगी मागच्या अडगळीच्या खोलीत झाली. तिथे माझ्यात पेशंटच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे रचून ठेवले. सात वर्षे मी परक्यांचे दात सांभाळले. माझ्यात खोट आहे, हे मी इतक्यांदा मनाशी म्हटले की मला ते पटून गेले.

मग एके दिवशी त्याच सहायिकेने माझ्यातले साचे एकेक करून बाहेर काढले आणि डॉक्टरांना विचारले, "ही टाकी मी घरी नेऊ का?"

"ने की," डॉक्टर म्हणाले. "पण मासे जगायचे नाहीत हं तिच्यात."

"बघते," ती म्हणाली.

तिच्या भावाने आणि त्याच्या दोन मित्रांनी मला तीन मजले चढवून नेले. भाऊ वेगळा राहायचा आणि ट्रक चालवायचा. दारातून आत येताना वाकावे लागेल एवढा उंच, आणि घरात त्याचे नाव बारक्या. तो तिला ताई म्हणे, म्हणून मीही तिला ताईच म्हणते. ताईबरोबर घरात राहायचे ते त्यांचे वडील, अप्पा.

अप्पांनी सगळा जन्म गोदीत काढला होता. दुरुस्तीला आलेल्या जहाजांच्या बुडावर वाळूचा मारा करून गंज आणि शिंपले उडवायचे, हे त्यांचे काम. ती धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन बसली होती. आता फुप्फुसे दगडासारखी झाली होती. कॉटशेजारी ऑक्सिजनचे यंत्र दिवसभर घरघरत असे आणि त्याची नळी अप्पांच्या नाकात असे. जिना उतरणे कायमचे बंद झाले होते. खिडकी होती, पण खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती.

"एवढी जहाजं साफ केली," ते एकदा ताईला म्हणाले होते, "पण सगळी कोरड्यावर ओढलेली. त्यांच्या खाली काय पोहत होतं, ते काही बघायला मिळालं नाही."

तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्या घरात आले होते.

ताईने या वेळी घाई केली नाही. शोभेच्या माशांच्या दुकानात एक म्हातारा दुकानदार होता, त्याच्याकडे ती चार वेळा जाऊन आली. त्याने तिला पहिल्याच भेटीत बजावले होते, "पाच-सहा आठवडे रिकामं पाणी बघत बसायची तयारी असेल तरच मीठ देतो. नसेल तर उगाच जीव घेऊ नका."

तिने मला कॉटसमोर लोखंडी स्टँडवर ठेवले. गाळलेल्या पाण्यात मीठ मिसळले, पाण्याचा खारटपणा मोजला, तळाशी वाळू पसरली, त्यावर सच्छिद्र दगड रचले. पाणी फिरवणारा पंप आणि पाणी कोमट ठेवणारा हीटर लावला. मग एका पातळ फडक्यात एक कच्ची कोळंबी बांधून माझ्यात सोडली. ती कुजावी, तिच्यापासून अमोनिया व्हावा आणि तो खायला जंतू वाढावेत, म्हणून. चौथ्या दिवशी खोलीत जो वास सुटला, त्याने शेजारच्या काकू नाकाला पदर लावून विचारायला आल्या.

अप्पा हसले. हसले की त्यांना खोकला येई, तरी हसले. "मासा एकही नाही आणि वास मात्र अख्ख्या बाजाराचा!" पाचव्या दिवशी ताईने कोळंबी काढून टाकली.

रोज संध्याकाळी कामावरून आली की ती माझे पाणी छोट्या नळीत घेई, त्यात औषधाचे थेंब सोडी, आणि अप्पा रंग बघत. पिवळा म्हणजे अमोनिया नाही. हिरवा म्हणजे आहे. जितका गडद हिरवा तितके विष जास्त. दुसऱ्या नळीत नायट्राइट बघायचे. निळा म्हणजे नाही, जांभळा म्हणजे आहे. अमोनिया खाणारे जंतू नायट्राइट बनवतात आणि मग ते खाणारे वेगळे जंतू यावे लागतात. दोन्ही शून्यावर आले की टाकी माशांना तयार. ताईने हे एकदाच समजावले आणि अप्पांना ते चटकन उमगले.

"म्हणजे दोन पाळ्या," ते म्हणाले. "पहिली पाळी माल फोडणार, दुसरी उचलून नेणार. दुसरी पाळी कामावर येईपर्यंत माल साठतच राहणार."

"अगदी बरोबर."

"आमच्या गोदीतही दुसरी पाळी कायम उशिराच यायची."

दवाखान्यात लोकांनी माझ्यातले मासे बघितले होते. या माणसाने माझे पाणी बघितले. तासन्‌तास बघितले. वाळूवर तपकिरी थर धरू लागला तो सगळ्यांत आधी त्यांना दिसला. माझ्यात खोट नव्हती, मित्रांनो. मला कुणी वेळच दिला नव्हता. हे मला त्या खोलीत कळले.

पण अप्पांकडेही वेळ नव्हता. नाकातली नळी असूनही त्यांचे ओठ काळपट दिसू लागले. वाक्य बोलताना मध्ये दोनदा थांबावे लागे. जेवण चार घासांवर आले. तेराव्या दिवशी बारक्या लांबच्या फेरीवरून आला आणि त्यांना बघून दारातच थबकला. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघरात गेला. दार लोटलेले होते, पण मला ऐकू येत होते.

"ताई, अजून किती दिवस लागणार त्या टाकीला?"

"महिना तरी."

"अप्पांकडे महिना आहे?"

ताईने नळ सोडला आणि भांडे विसळायला घेतले.

"दोन मासे टाक. दोनच. लहान."

"अमोनिया सगळ्यात वर आहे सध्या. तडफडून मरतील रे. मी काढलेत ते मासे हातांनी, तू नाही काढलेस."

"मासेच आहेत ते, ताई. आपला बाप आहे हा."

"मला कळत नाही का ते?" ती एवढ्या जोरात ओरडली की अप्पांनी डोळे उघडले. मग भांड्यांचा आवाज झाला.

पंधराव्या दिवशी सकाळी ताई दवाखान्यात गेल्यावर बारक्या आला. त्याच्या हातात पाण्याने फुगवलेली पिशवी होती आणि पिशवीत दोन मासे. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. म्हाताऱ्या दुकानदाराने त्याला नकार दिला होता, म्हणून त्याने ते दुसरीकडून आणले होते. तिथल्या माणसाने सांगितले होते की काही होत नाही, बिनधास्त सोडा.

अप्पांनी पिशवी बघितली आणि मग माझ्याकडे बघितले. आदल्या संध्याकाळी नळीतला रंग त्यांनी स्वतः बघितला होता. गडद हिरवा. त्यांना सगळे माहीत होते.

"आत्ता नको रे," ते म्हणाले. पण त्यांची नजर पिशवीवरून हलत नव्हती.

"अप्पा, तुम्ही नाही म्हणा, मी आत्ता परत नेतो," बारक्या म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "सोडू?"

अप्पांनी पिशवीला बोट लावले. मग अप्पा म्हणाले, "सोड."

मित्रांनो, तो उरलेला दिवस त्या घरातला सर्वांत सुखाचा होता, हे मी लपवणार नाही. दोन्ही मासे दगडांमधून शिवणापाणी खेळल्यासारखे फिरत होते. अप्पा उशीला टेकून उठून बसले. गेल्या महिनाभरात ते असे बसले नव्हते. बारक्याने भरवलेला भात त्यांनी ताटलीभर खाल्ला. "हा पुढे पोहतो ना, तो मुकादम," ते म्हणाले. "आणि तो दुसरा नुसता मागे मागे." बारक्या हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता.

ताई संध्याकाळी आली. तिने मासे बघितले, अप्पांना बसलेले बघितले, रिकामी ताटली बघितली. तिने पाणी तपासले. अप्पांनी त्या दिवशी रंग विचारला नाही. घरात मीठ कालवलेल्या पाण्याच्या दोनच बादल्या तयार होत्या, तेवढे पाणी तिने बदलले आणि नवे कालवायला ठेवले. ते नीट मुरायला दुसरा दिवस उजाडणार होता. मासे बादलीत घालून तेव्हाच म्हाताऱ्या दुकानदाराकडे न्यायला हवे होते. ते तिला कळत होते. पण अप्पा इतक्या दिवसांनी बसले होते. ती थांबली. चूक एकट्या बारक्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात अप्पा एकटे होते. बारक्याला माल घेऊन जावे लागले होते. जो मासा मागे मागे पोहत असे तो पंपाशेजारी वर आला आणि तोंड उघडू-मिटू लागला. त्याचे कल्ले भराभर हलत होते. अप्पा बघत राहिले. बाहेरच्या कुणालाही वाटले असते की तो खेळतोय. अप्पांना तसे वाटले नाही. तो श्वास कसला आहे, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार?

त्यांनी ताईला फोन लावला. "ये," ते म्हणाले. "धाप... लागलीय त्याला."

"तुम्हाला?"

"माशाला."

ताईच्या समोर खुर्चीत पेशंट होता. निघून घरी पोचेपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात जे झाले ते फक्त मी बघितले.

अप्पा कॉटवरून उतरले. भिंत धरत, थांबत थांबत माझ्यापर्यंत आले आणि स्टुलावर बसले. मासा आता आडवा होऊ लागला होता. अप्पांनी नाकातली नळी काढली आणि तिची टोके माझ्या पाण्यात बुडवली. बुडबुडे आले. ते माशाजवळ न्यायचा त्यांनी प्रयत्न केला. "घे," ते म्हणत होते. "घे रे बाबा."

त्याचा उपयोग नव्हता. पाण्यात हवा कमी नव्हती, विष जास्त होते. अप्पांना ते कळत असावे असे मला वाटते. तरी त्यांनी नळी बाहेर काढली नाही. मला ओरडता आले असते तर मी माझ्या पाचही काचा फोडून ओरडले असते.

ताईने दार उघडले तेव्हा अप्पांचे कपाळ माझ्या काचेला टेकले होते आणि ओठ निळे पडले होते. तिने नळी ओढून काढली, पुसली, त्यांच्या नाकात घातली, पाठ चोळली, रुग्णवाहिका बोलावली. थोड्या वेळाने अप्पांच्या तोंडून शब्द फुटले. ते एकेक करून आले.

"बारक्याला... बोलू नकोस. त्याने विचारलं होतं. मी... सोड म्हटलं. मलाच बघायचं होतं."

रुग्णवाहिकेची माणसे त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली घेऊन गेली. एक मासा तेव्हा मेलेला होता. दुसरा रात्रीतून गेला. त्याला बाहेर काढायला घरात कुणी नव्हते.

चार दिवसांनी अप्पांनी इस्पितळातच प्राण सोडला. तिथले डॉक्टर म्हणाले की फुप्फुसांत काही उरलेच नव्हते, आज नाही तर उद्या हे होणारच होते. बारक्याने ते ऐकले आणि मान हलवली. मान हलवणे वेगळे आणि पटणे वेगळे.

आठवड्याने भेटायला येणारी माणसे कमी झाली. मग एका संध्याकाळी बारक्या आला आणि न विचारता माझ्यासमोर बसला. त्याने नळी घेतली, थेंब मोजले आणि रंग बघितला. दोन दिवसांनी पुन्हा आला. फेऱ्या सांभाळून तो येतच राहिला. माझ्यात आता मासा नव्हता, तरी तो चिमूटभर खाद्य घाली, जंतू उपाशी मरू नयेत म्हणून. ताई दार उघडून देई आणि स्वयंपाकघरात निघून जाई. दोघे एकाच घरात तास-तासभर असत आणि चार शब्दही बोलत नसत.

तो आतून खंगत चालला होता. गालफडे बसली होती. एकदा तो माझ्याशीच पुटपुटला, "मी मारलं त्यांना." मासे म्हणाला की अप्पा, ते मला समजले नाही. ताई दारात उभी होती. तिने ऐकले. तिच्या तोंडाशी काहीतरी आले होते, ते मी बघितले. तिने ते गिळले आणि ती आत गेली.

अडतिसाव्या दिवशी एक नळी पिवळी झाली आणि दुसरी निळी.

"ताई," त्याने हाक मारली. "दोन्ही शून्य."

ती पदराला हात पुसत आली. तिने रंग बघितले.

"टाकी देऊन टाक कुणाला," तो म्हणाला. "मला फक्त बघायचं होतं, अजून किती थांबायला हवं होतं."

"बस जरा," ताई म्हणाली. ती स्वतः उभीच राहिली. "अप्पा एक बोलले होते. तुला सांगायचं राहिलं." तिने नळ्या उचलून बाजूला ठेवल्या. "राहिलं नाही. मी सांगितलं नाही."

मग तिने अप्पांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

बारक्याने फक्त विचारले, "कधी म्हणाले?"

"रुग्णवाहिका यायच्या आधी."

"म्हणजे तीन आठवडे झाले."

"मला तुझा राग आला होता. आणि माझाही. मीसुद्धा त्या संध्याकाळी मासे हलवले नाहीत. वाटलं, एकटीनेच का जळायचं?"

तो ओरडला नाही. एवढा उंच माणूस जमिनीवर बसला, माझ्या स्टँडच्या पायाला धरून, आणि रडला. ताई त्याच्याशेजारी बसली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तो थोडा बाजूला सरकला. तिने हात काढून घेतला, पण ती उठली नाही. उजेड जाईपर्यंत दोघे तिथेच बसून होते.

मित्रांनो, पुढे माझ्यात मासे आले. आधी एक, तीन आठवड्यांनी दुसरा. ते जगले. दातांच्या डॉक्टरांना ते सांगितले तेव्हा त्यांना खरे वाटले नाही. पण बारक्या मला बघायला फार येत नाही. येतो तेव्हा दोघे बहीण-भाऊ हवापाण्याचे बोलतात. त्या तीन आठवड्यांत काहीतरी तुटले ते सांधले गेले, पण सांधा दिसतो.

तुमच्या घरी कधी नवी टाकी आली तर तिला वेळ द्या. लोक हसतील, रिकामे पाणी काय बघता म्हणतील. म्हणू द्या. तुम्ही रोज रंग बघा आणि थांबा. ज्याचा श्वास तुमच्या हातात आहे, त्याच्या बाबतीत घाई करू नका.

पण कुणाच्या छातीवरचे ओझे उतरवणारे एखादे वाक्य तुमच्यापाशी असेल, तर ते मात्र मुरत ठेवू नका. ते त्याच दिवशी सांगा.